शिक्षक-उमेदवारांचें विद्यावेतन : जोतीराव फुले यांच्या १८८२ च्या निवेदनाची चिकित्सा

जोतीराव गोविंदराव फुले यांनीं ता. १९ आक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून हंटर कमिशनास जें लेखी निवेदन सादर केलें, तें महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. मूळ लेख इंग्रजींत असून तो कमिशनाच्या मुंबई इलाख्यांतील साक्षीपुराव्यांत छापलेला आहे. पुढें १९६९ सालीं निघालेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या संग्रहांतहि तो समाविष्ट झाला. लेखाचा विस्तार थोडा, पण त्याचे आधार घेणारे लेखक पुष्कळ. हे आधार बहुधा दोन कारणांसाठीं घेतले जातात. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें ही मागणी त्यांत आहे, म्हणून एक पक्ष तो लेख पुढें करतो. गांवशाळांतील शिक्षक जवळ जवळ सर्व ब्राह्मण आहेत ही तक्रार त्यांत आहे, म्हणून दुसरा पक्ष, कधीं कौतुकानें तर कधीं रागानें, त्याकडे बोट दाखवितो. दोन्ही गोष्टी लेखांत आहेत, यांत वाद नाहीं. परंतु या दोहोंच्या गडबडींत तिसरा एक धागा दृष्टीआड झाला आहे, आणि आमच्या मतें लेखाचें मर्म त्याच धाग्यांत आहे.

तो धागा असा : सरकारी पैशानें चालणाऱ्या शाळेचा शिक्षक कोणत्या घरांतून यावा, आणि तो शिक्षक होण्याचें शिक्षण घेत असतां त्याच्या पोटाची तरतूद कोणत्या नियमानें व्हावी? अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या उमेदवारास दिलेलें विद्यावेतन हें दान नव्हे. ती निवडीची चाळण आहे. चाळणीचीं भोकें जशीं असतील तसाच दाणा खालीं पडतो, आणि मग पडलेला दाणा पाहून 'धान्यच असें आहे' असें म्हणण्यांत अर्थ नसतो. जोतीरावांनीं चाळणीवरच बोट ठेवलें होतें. हें त्यांच्या लेखावरून कितपत सिद्ध होतें, कोठें त्यांचा लेख अपुरा पडतो, आणि या विषयाच्या कागदांकडे संग्राहकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

(१) शब्दांचा निर्णय

प्रथम शब्दांचा निर्णय करणें अवश्य आहे. सर चार्ल्स वुड यांच्या नांवानें ओळखला जाणारा जो शिक्षणविषयक खलिता ता. १९ जुलै १८५४ रोजीं हिंदुस्थानांत धाडण्यांत आला, त्यांत विद्यार्थ्यांस द्यावयाच्या पैशाचे दोन प्रकार निरनिराळ्या ठिकाणीं सांगितले आहेत. पहिला प्रकार, होतकरू विद्यार्थ्यास खालच्या शाळेंतून वरच्या शाळेंत जातां यावें म्हणून द्यावयाचा, ती स्कॉलरशिप. दुसरा, पुढें शिक्षक होण्याचें पत्करणाऱ्या उमेदवाराच्या निर्वाहासाठीं द्यावयाचा, तो स्टायपेंड. मराठींत या दोहोंसहि सर्रास 'शिष्यवृत्ति' म्हणण्याची वहिवाट पडली आणि त्यामुळें दोन भिन्न व्यवहार एकाच नांवाखालीं आले. आम्ही येथें पहिल्यास शिष्यवृत्ति व दुसऱ्यास विद्यावेतन म्हणूं.

हा भेद केवळ कोशकाराचा नव्हे. शिष्यवृत्ति हें बक्षीस आहे. तेव्हां ती परीक्षेंत पहिल्या येणाऱ्यास द्यावी हें ओघानेंच येतें. विद्यावेतन हें पुढें घ्यावयाच्या सेवेचें आगाऊ मोल आहे. तें कोणास द्यावें हें ठरवितांना उमेदवाराचे गुण पाहावेत तसेंच ज्या शाळेंत तो जावयाचा त्या शाळेची गरजहि पाहावी लागते. बक्षिसाचा नियम मोलाच्या व्यवहारास लावला कीं घोटाळा होतो. हा घोटाळा मराठी शब्दानें निर्माण केला असें आम्ही म्हणत नाहीं. तो राज्यकारभारांत आधींच झालेला होता. शब्दानें तो झांकला एवढेंच.

(२) पूर्वपीठिका

विद्येस राजाश्रयाचा पैसा देण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. तळेगांवीं खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केलेली श्रावणमासाची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. रमण्यांतील त्या वांटपाचे कागद आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. इंग्रजी अंमल बसल्यावर कमिशनर चॅप्लिन यांनीं १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापिली, तीहि याच दक्षिणेच्या रकमेच्या बळावर. पुढें त्या निधीचा एक भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला, व आणखी पुढें कॉलेजांतील दक्षिणा-फेलोंच्या वेतनाकडे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि अशा फेलोंपैकींच होत. या प्रवाहाची फळें थोर आहेत, तीं नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करणार नाहीं. पण प्रवाहाची दिशा ध्यानांत ठेवावी : पैसा विद्वानाकडून अधिक विद्वानाकडे गेला. ज्याच्या घरीं अक्षर आधींच नांदत होतें त्याच्याच घरीं तो उतरला.

गांवशाळेच्या शिक्षकाचा प्रवाह निराळा व बराच क्षीण. मुंबईस १८२२ सालीं जी शाळापुस्तक मंडळी निघाली व जी १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं शिक्षक तयार करण्याचें काम हातीं घेतलें. तयार झालेले २४ शिक्षक १८२६ सालीं निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडण्यांत आले. संख्या अल्प आहे, परंतु तींत एक तत्त्व गृहीत धरलेलें दिसतें : शाळेची इमारत व पुस्तकें यांच्याहि आधीं शिक्षक घडवावा लागतो, आणि तो घडेपर्यंतचा काळ हा शाळेच्याच खर्चाचा भाग होय. पुढें १८४५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिक्षकांसाठीं नॉर्मल वर्ग निघाला व तो बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे सोंपविण्यांत आला. दुसऱ्याच वर्षीं, १८४६ त, बाळशास्त्री वारले. त्यांच्या चरित्रकारांनीं 'दर्पण' पत्राविषयीं जेवढें लिहिलें त्याच्या दशांशहि या वर्गाविषयीं लिहिलेलें नाहीं, यावरून आमच्या इतिहासलेखनाची आवड कोणीकडे आहे हें दिसून येईल.

(३) १८५४ चा खलिता

खलित्यांत शिक्षकांच्या शिक्षणासंबंधीं जी योजना आहे ती ग्रेट ब्रिटनांतील तत्कालीन पद्धतीवरून घेतलेली आहे, व तसें खलित्यांतच सांगितलें आहे. म्हणून ती मूळ पद्धति येथें थोडी खुलाशानें सांगणें जरूर आहे. के-शटलवर्थ यांच्या प्रेरणेनें १८४६ सालीं इंग्लंडांत जे नियम झाले त्यांत दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शाळेंतील शिक्षकाच्या हाताखालीं पांच वर्षे उमेदवार राही. त्यास पहिल्या वर्षीं १० पौंड व चढत चढत पांचव्या वर्षीं २० पौंड मिळत, आणि त्यास शाळेच्या वेळेबाहेर शिकविण्याबद्दल शिक्षकासहि कांहीं रक्कम मिळे. दुसऱ्या पायरीवर परीक्षा होऊन निवडलेल्यांस नॉर्मल स्कुलांत राहण्यासाठीं २० ते २५ पौंडांची 'राणीची शिष्यवृत्ति' मिळे.

या रचनेचें मर्म असें कीं, परीक्षा दुसऱ्या पायरीवर होती, पैसा पहिल्या पायरीवर सुरू होत होता. मजुराचा मुलगा परीक्षेस बसण्यापूर्वीं पांच वर्षे सरकारी पैशावर पोसला जाई व त्या काळांत तो परीक्षेच्या योग्यतेस येई. स्पर्धा होती, परंतु स्पर्धेच्या रेषेपर्यंत चालत येण्याचें बळ आधीं दिलेलें होतें. पुढें १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या सुधारलेल्या नियमावलीनें उमेदवारांस परभारें मिळणारें हें वेतन बंद केलें आणि शाळेचें अनुदान परीक्षेच्या निकालावर बांधलें. परिणाम तत्काळ दिसला : उमेदवारांची संख्या घटली. एवढ्या एका अनुभवावरूनहि, विद्यावेतन हें शोभेचें लेणें नसून पुरवठ्याचें मूळ आहे, हें सिद्ध होण्यास हरकत नाहीं.

खलित्यानें या दोन्ही पायऱ्यांची शिफारस केली. विद्यावेतनाचा आंकडा फार विचारानें ठरवावा असें बजावून त्यानें एक मापहि दिलें : उमेदवार शाळा सोडून गेल्यास जें मिळवील त्याहून तें थोडें अधिक असावें. वरकरणीं हें माप अगदीं व्यवहाराचें आहे, पण आमचा आक्षेप याच मापावर आहे.

हें माप एकट्या तरुणाची कमाई मोजतें. कारकुनी पेशाच्या घरीं ती मोजतां येते, कारण तेथें कमाई म्हणजे पगार आणि पगार म्हणजे आंकडा. कुणब्याच्या घरीं मुलाची निराळी कमाई अशी नसतेच. तो गुरें राखतो, मोटेवर उभा राहतो, पिकाची राखण करतो, सुगींत चार हातांस दोन हात जोडतो. 'शाळा सोडून तो काय मिळवील?' असें विचारलें तर कागदावर उत्तर 'कांहीं नाहीं' असेंच येईल. आणि तो घरांतून गेला तर त्या घरास गडी ठेवावा लागेल. मापानें जें मोजलें नाहीं तें घर मात्र मोजीत होतें. उलट पक्षीं, कचेरींत बिनपगारी उमेदवारी करून वर्षानुवर्षे जागेची वाट पाहण्याची ज्यांस संवय, त्या घराण्यांतील तरुणास अल्प विद्यावेतन हेंहि चालण्यासारखें होतें. याप्रमाणें एकच रक्कम एका घरीं पुरेशी व दुसऱ्या घरीं अपुरी ठरली. नियम कोणाच्या विरुद्ध लिहिलेला नव्हता. परिणाम मात्र एकाच बाजूस गेला.

(४) निवेदनाचा पाठ

आतां जोतीरावांच्या लेखाकडे वळूं. ते शिक्षणाच्या बाबतींत केवळ टीकाकार नव्हते. १८४८ पासून त्यांनीं स्वतः शाळा काढल्या, चालविल्या व त्यांत शिकविलें, आणि आपल्या अनुभवाचा उल्लेख त्यांनीं निवेदनाच्या आरंभींच केला आहे. शिक्षकांविषयीं ते जें म्हणतात त्याचा सारांश असा : प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळ जवळ सर्व ब्राह्मण, त्यांतले थोडेसे ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले, बाकीचे अशिक्षित म्हणजे अध्यापनाचें शिक्षण न घेतलेले, पगार क्वचितच दहा रुपयांवर, ज्ञानहि तुटपुंजें. म्हणून शिक्षक शक्य तोंवर शेतकरी वर्गांतून तयार करावेत. ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास लाजणार नाहींत. त्यांच्या अभ्यासक्रमांत नेहमींच्या विषयांबरोबर शेतकी व आरोग्य यांचें प्राथमिक ज्ञान असावें. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा.

या भागांतील एक शब्दप्रयोग दोन्ही पक्षांच्या वाचकांनीं वगळला आहे. अशिक्षित शिक्षकांच्या जागीं शिक्षित शिक्षक नेमावे असें म्हणतांना जोतीराव एक अपवाद करतात : जे पूर्ण कार्यक्षम असतील ते खेरीज करून. म्हणजे नेमणुकीची कसोटी त्यांनीं जातीवर सोडलेली नाहीं. शिक्षण कोणास द्यावें या प्रश्नांत त्यांनीं वर्ग पाहिला, व जागेवर कोणास ठेवावें या प्रश्नांत काम पाहिलें. या दोन प्रश्नांची गल्लत करून त्यांस जातिद्वेष्टा ठरविणारे आणि त्याच गल्लतीवरून त्यांचा जयजयकार करणारे, दोघांनींहि लेख पुरता वाचलेला नाहीं.

दुसरें स्थळ याहून महत्त्वाचें. सरकारी शाळांतील शिष्यवृत्तींविषयीं लिहितांना ते म्हणतात कीं, ही पद्धति सदोष आहे. ज्या वर्गांस विद्येची गोडी आधींच लागली आहे त्यांसच ती उत्तेजन देते. कांहीं शिष्यवृत्ति ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाहीं त्यांसाठीं राखाव्यात. चढाओढीनें त्या देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य असली तरी इतर वर्गांत विद्या पसरविण्यास ती उपयोगी पडत नाहीं.

'तत्त्वतः न्याय्य असली तरी' या कबुलींत लेखकाची खरी तर्कशक्ति दिसते. प्रतिपक्षाचें म्हणणें खोटें पाडण्याऐवजीं तो तें मान्य करतो आणि मग विचारतो कीं हा पैसा कशासाठीं खर्चावयाचा आहे. दोन उमेदवारांमधील न्याय ही एक गोष्ट, आणि खर्चाच्या हेतूशीं साधनाचा मेळ ही दुसरी. पहिलीनें दुसरीची जागा घेऊं नये, एवढेंच त्याचें म्हणणें.

येथें एक अडचण प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हें वाक्य शिष्यवृत्तीविषयीं आहे, विद्यावेतनाविषयीं नाहीं. शिक्षकांचें कलम व शिष्यवृत्तीचें कलम हीं लेखांत निरनिराळ्या ठिकाणीं आहेत व जोतीरावांनीं तीं शब्दानें जोडलेलीं नाहींत. मग आम्ही तीं कोणत्या आधारानें जोडतों? आधार लेखाच्या रचनेंतच आहे. शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करावे असें म्हणणारा मनुष्य, तो वर्ग चढाओढींत मागें पडतो असेंहि त्याच लेखांत म्हणत असेल, तर पहिली मागणी चढाओढीच्या मार्गानें पुरी होणार नाहीं हें त्यास ठाऊक असलेंच पाहिजे. आणि शिष्यवृत्ति ही जर बक्षीस असूनहि तींत वर्गाचा विचार करावा असें तो म्हणतो, तर सेवेचें मोल असलेल्या विद्यावेतनांत तो अधिकच करावा लागेल. हें अनुमान आहे. लेखकाच्या तोंडीं घातलेलें वाक्य नव्हे. वाचकांनीं तें अनुमान म्हणूनच घ्यावें.

(५) करभाराचा संबंध

जोतीरावांच्या मागणीस आणखी एक आधार आहे, आणि तो हिशेबाचा आहे. मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाचा कर बसविण्यांत आला, १८६९ च्या कायद्यानें तो पक्का झाला, व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. कै. ज. पां. नाईक यांनीं या कराचा इतिहास परिश्रमपूर्वक लिहिला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा. कर जमिनीवर होता, म्हणजे देणारा शेतकरी होता. निवेदनांत जोतीराव या फंडाचा अर्धा हिस्सा एकट्या प्राथमिक शिक्षणास मागतात, तो याच जाणिवेनें. दक्षिणेचा पैसा राजाचा होता, त्यानें तो विद्वानांस दिला. त्याविषयीं शेतकऱ्यास बोलण्यास जागा थोडी. लोकल फंडाचा पैसा मात्र ज्याच्या शेतांतून निघाला त्याच्याच मुलास शाळेंत बसतां येऊं नये, आणि शिक्षकाच्या जागेवर तर मुळींच पोंचतां येऊं नये, हें कोणत्याहि धर्मशास्त्रांत किंवा अर्थशास्त्रांत बसणारें नाहीं.

कमिशनानें आपल्या शिफारशींत प्राथमिक शिक्षणासाठीं नेमलेल्या प्रांतिक रकमेवर देखरेख व तपासणी यांच्याबरोबरच पुरेशीं नॉर्मल स्कुलें हा पहिला बोजा ठरविला. ही शिफारस चांगली होती. परंतु नॉर्मल स्कूल पुरेसें असणें आणि त्यांत पुरेशा घरांतून उमेदवार येणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

(६) प्रतिपक्षाचे आक्षेप

चढाओढीच्या बाजूनें जें म्हटलें जातें तेंहि टाकाऊ नाहीं. सार्वजनिक पैसा वांटणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं परीक्षेखेरीज दुसरी कसोटी दिली तर वशिल्यास दार उघडतें. आणि कच्च्या पायाचा उमेदवार घेतला तर तो पुढें तीस वर्षे कच्चेंच शिकवील. पहिल्या आक्षेपाचें उत्तर असें कीं, वर्ग ठरवून त्या वर्गाच्या आंत परीक्षा घेतां येते. राखीव जागा आणि वशिला हे समानार्थक शब्द नव्हेत. दुसऱ्याचें उत्तर इंग्लंडांतील पहिल्या पायरीनें आधींच दिलेलें आहे : पाया कच्चा असेल तर पांच वर्षे पोसून तो पक्का करावा. पेरणीचें बीं निवडतांना शेतकरी नुसता टपोरा दाणा पाहत नाहीं. आपल्या जमिनींत कोणता रुजेल हें पाहतो, आणि मग त्यास पाणी देतो.

(७) निवेदनांतील उणीवा

आदरास्पद लेखाचेहि दोष सांगणें हें चिकित्सकाचें कर्तव्य आहे. या निवेदनांत आम्हांस तीन उणीवा दिसतात. पहिली, शिक्षकाच्या पगाराचा आंकडा दिला, पण उमेदवाराच्या विद्यावेतनाचा दिला नाहीं. पगाराचें महत्त्व निर्विवाद आहे; दहा रुपयांच्या जागेसाठीं वर्षे घालविण्यास कोणी तयार होत नाहीं. परंतु पगार शेवटीं येतो आणि भूक आरंभीं. बारा रुपयांची आशा दाखविल्यानें मधल्या काळांतील भाकरीचा प्रश्न सुटत नाहीं.

दुसरी उणीव, शेतकऱ्याच्या मुलास विद्यावेतन मिळालें तरी शहरांत त्यानें राहावें कोठें व जेवावें कोणाच्या पंक्तीस, याचा विचार लेखांत नाहीं. त्या काळच्या पुण्यांत हा प्रश्न पैशाहूनहि बिकट होता.

तिसरी उणीव अधिक खटकते. निवेदनाच्या अखेरीस स्त्रियांच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदारपणें प्रसार करावा अशी विनंति आहे. पण त्या शाळांत शिकविण्यास स्त्रिया कशा तयार कराव्या व त्यांचा निर्वाह कसा चालावा, याविषयीं एक ओळहि नाहीं. ज्याची सहधर्मचारिणी सावित्रीबाई स्वतः शिक्षिका होती, त्याच्या लेखणींतून ही ओळ यावयास हवी होती.

(८) उत्तरकालाची साक्ष

या उणीवा पुढें कोणी व कशा भरून काढल्या हें पाहिलें असतां निवेदनाचें मोल अधिक स्पष्ट होतें. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं निघालेलें सेवासदन आणि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षिकांसाठीं काढलेलें अध्यापिका विद्यालय, यांच्यापुढें तिसऱ्या उणीवेचा प्रश्न प्रत्यक्ष उभा होता. विधवा किंवा निराधार स्त्रीस शिक्षिका करावयाचें तर तिला रोख रकमेच्या आधीं सुरक्षित निवारा द्यावा लागतो. वसतिगृह हेंच तिचें पहिलें विद्यावेतन, ही गोष्ट या संस्थांनीं ओळखली.

दुसऱ्या उणीवेचें उत्तर साताऱ्यास मिळालें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ पासून साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालविलें, जेथें मुलें एकत्र जेवीत व स्वतः श्रम करून आपल्या खर्चाचा भार हलका करीत. १९३५ सालीं त्यांनीं तेथेंच सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलें. खेड्यापाड्यांतील शाळांस खेड्यांतलाच शिक्षक हवा, हा त्यामागील हेतु. नांगराची मूठ धरण्यास न लाजणारा शिक्षक १८८२ च्या निवेदनांत कल्पनेनें उभा होता. साताऱ्यास तो प्रत्यक्ष चालूं बोलूं लागला. मध्यें ५३ वर्षे गेलीं.

साताऱ्याच्या पद्धतीवरहि एक टीका करणें न्याय्य होईल. 'कमवा आणि शिका' या व्रतानें मुलाचा स्वाभिमान राखला हें खरें. पण ज्याच्या बापानें लोकल फंडाचा आणा भरला त्या मुलानें पुन्हा आपल्या श्रमानें विद्यावेतन मिळवावें, यांत सरकारच्या अंगावरील ऋण संस्थेनें व मुलानें फेडलें असें होतें. भाऊरावांचें थोरपण यानें कमी होत नाहीं. कमी होतो तो सरकारचा मोठेपणा.

(९) आजची स्थिति व संग्राहकांस विनंति

हा विषय केवळ जुन्या कागदांचा आहे असें कोणी समजूं नये. आज अध्यापक विद्यालयांत शिरणारा उमेदवार प्रथम शुल्क भरतो. मागासवर्गीय उमेदवारांस शुल्काची प्रतिपूर्ति व शिष्यवृत्ति मिळते, पण ती बक्षीस किंवा सवलत या नात्यानें, सेवेचें आगाऊ मोल या नात्यानें नव्हे. अभ्यास पुरा करून जागा मिळाली तरी महाराष्ट्रांत २००० सालापासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढावीं लागतात, आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागते. १८२६ सालीं शिक्षक घडविण्याचा काळ शाळेच्या खर्चांत धरला होता; आज तो उमेदवाराच्या घरच्या खर्चांत धरला जातो. या नियमानें कोणतीं घरें शिक्षक पुरवूं शकतील व कोणतीं मागें राहतील, हा प्रश्न जोतीरावांनीं विचारला होता त्याच शब्दांत आजहि विचारतां येतो.

या प्रश्नाचें जुनें उत्तर मात्र अजून कागदोपत्रीं पुरतें सिद्ध व्हावयाचें आहे, आणि तेथेंच आमच्या वाचकांचें साहाय्य हवें. कै. रा. वि. परुळेकर यांनीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचे सरकारी कागद छापून मोठें काम केलें. पण सरकारी कागद नियम सांगतात. नियमाखालीं कोण आलें व कोण परत गेलें, हें खासगी दप्तरांतून कळतें. दक्षिणेची एखादी यादी किंवा सनद हातीं लागली तर आम्ही ती रेशमी रुमालांत बांधतों. जुन्या शिक्षकाच्या घरची पेटी उघडली तर तींतील शाळेचे हजेरीपट, ट्रेनिंग कॉलेजाचे दाखले, घरीं धाडलेलीं खर्चाचीं पत्रें, खानावळीचे हिशेब, तपासनिसांच्या शेऱ्यांच्या वह्या, हें सर्व रद्दींत जातें. पेशवाईच्या मोडी कागदापुढें हे कागद गौण वाटतात, कारण ते अलीकडचे आहेत व त्यांवर मोठें नांव नाहीं.

आमची विनंति एवढीच कीं, असे कागद आढळल्यास ते फेंकूं नयेत. उमेदवाराचें नांव, गांव, बापाचा धंदा, मिळालेली रक्कम आणि ती कोणत्या महिन्यांत बंद झाली, एवढ्या पांच गोष्टी ज्या कागदावर आहेत तो कागद आमच्या दृष्टीनें सनदेच्या तोडीचा आहे. अशा शंभर कागदांची जुळणी झाली तर चाळणीचीं भोकें केवढीं होतीं हें मोजतां येईल, आणि जोतीरावांचें म्हणणें खरें कीं खोटें याचा निवाडा भक्ति व द्वेष या दोहोंवाचून करतां येईल. तोंवर आम्ही या चिकित्सेस पूर्वपक्ष समजतों. उत्तरपक्ष कागदांनीं मांडावा.